भिंतीपलीकडचे चार माग: न दिसणारी घटना कॅमेऱ्याचं नाव न घेता लिहिताना

प्रसंग असा आहे. इचलकरंजीतलं एक घर. घराला लागूनच कारखाना, म्हणजे चार यंत्रमागांची पत्र्याची शेड. दुपारची वेळ. स्वयंपाकघरात सुमन भाकऱ्या करतेय, सासू कांद्याची पात निवडतेय. पलीकडं सुमनचा नवरा दत्ता माग चालवतोय. एका मागाचा धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावणारा भाग, उडतो, दत्ताच्या कपाळावर बसतो आणि तो कोसळतो. प्रेक्षकाला मात्र कारखाना दिसायचा नाही. सगळा प्रसंग स्वयंपाकघरात घडतो, आणि पलीकडं काहीतरी विपरीत झालंय हे प्रेक्षकाला सुमनबरोबर, तिच्याच गतीनं कळलं पाहिजे.

एका नव्या लेखिकेच्या पूर्ण लांबीच्या मराठी पटकथेतला हा प्रसंग 41. पुढची सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे, त्यामुळं तो बसला नसता तर बाकीची पटकथा कितीही चांगली असून उपयोग नव्हता. दिग्दर्शक आणि निर्माता ठरलेले होते. पटकथा वाचून सूचना करण्याचं काम माझ्याकडं होतं. पात्रांची नावं इथं बदलली आहेत आणि पानं लेखिकेच्या परवानगीनं देत आहे.

पहिल्या खर्ड्यात प्रसंग असा होता:

आत. स्वयंपाकघर – दुपार

कॅमेरा सुमनच्या हातांवर. भाकरी थापण्याचा क्लोज-अप. हळूहळू टिल्ट अप होत सुमनचा चेहरा. बॅकग्राउंडला मागांचा आवाज. कॅमेरा पॅन होत भिंतीकडे जातो आणि तिथे थांबतो. भिंतीपलीकडून मोठा आवाज. फ्रेमच्या बाहेर दत्ता पडतो. कट टू: सुमनच्या डोळ्यांचा एक्स्ट्रीम क्लोज-अप. वेगाने झूम आउट. सुमन फ्रेममधून बाहेर धावते. कॅमेरा रिकाम्या स्वयंपाकघरावर होल्ड करतो.

दत्ता (व्ही. ओ.)
(किंकाळी)

असं पान वाचलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो: कॅमेरा कुठं ठेवायचा ते दिग्दर्शक आणि छायालेखक बघतील, लेखकानं त्यात पडू नये. आक्षेप बरोबर आहे, पण तेवढंच सांगून थांबलं तर लेखकाला वाटतं की हा मानपानाचा किंवा शिष्टाचाराचा मामला आहे. मग तो कॅमेऱ्याचे शब्द खोडतो, उरलेली वाक्यं जोडतो आणि पान सुधारलं असं समजतो.

या पानातले कॅमेऱ्याचे शब्द बाजूला काढा आणि सुमन काय करते ते पाहा. ती भाकरी थापते आणि धावते. एवढंच. आवाज येतो त्याच क्षणी तिला सगळं समजलेलं असतं. ऐकणं, दुर्लक्ष करणं, शंका येणं, ती झटकणं, पुन्हा येणं, यातलं काहीही पानावर नाही. जिथं माणसाच्या मनात काहीतरी घडायला हवं होतं तिथं टिल्ट, पॅन आणि झूम येऊन बसलेत. न दिसणाऱ्या घटनेच्या बाबतीत हे हमखास होतं. घटना दाखवायची नाही म्हटल्यावर लेखकाला हात रिकामे वाटतात, मग तो कॅमेरा हलवत राहतो.

‘फ्रेमच्या बाहेर दत्ता पडतो’ हे वाक्य तर जास्तच अडचणीचं. तो पडला हे वाचणाऱ्याला कळलं, बघणाऱ्याला कसं कळणार? पानावर एक माहिती आणि पडद्यावर दुसरी, अशी फट पडली की निर्माता वाचताना हादरतो आणि चित्रपट बघताना प्रेक्षक विचारतो, काय झालं नक्की?

व्ही. ओ. (व्हॉइस ओव्हर) ही खूणही चुकीच्या जागी पडली होती. निवेदन, मनातला विचार, दुसऱ्या काळातून किंवा दुसऱ्या ठिकाणाहून येणारा आवाज यांच्यासाठी व्ही. ओ. असतं. दत्ता त्याच घरात, त्याच वेळी, भिंतीपलीकडं आहे. तो बोललाच तर ती खूण ओ. एस. ची (ऑफ स्क्रीन, म्हणजे चित्राबाहेरून येणारा आवाज). हा फरक नुसता लिहिण्याच्या रीतीचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण ध्वनी विभाग त्यावरून कामाची वाटणी करतो: कुठला आवाज सेटवर त्या नटाला बोलावून घ्यायचा आणि कुठला नंतर स्टुडिओत.

चर्चेला बसलो तेव्हा मी कॅमेऱ्याचा विषयच काढला नाही. मागाबद्दल विचारलं. लेखिका त्या गावची, त्या आवाजात वाढलेली. विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला तो 1904 मध्ये. त्यानंतरच्या पिढ्यांच्या झोपा, अभ्यास आणि भांडणं मागाच्या ठेक्यावर झाली आहेत. अशा घरातली बाई कारखान्यात न जाताही कारखान्यात असते. मी विचारलं, सुमनला भिंतीपलीकडचं काय काय नुसतं ऐकून कळतं?

लेखिकेनं जे सांगितलं ते तिच्या पानावर कुठंच नव्हतं.

माग दिवसातून कितीतरी वेळा थांबतो. धोट्यातली कांडी संपली, आडवा धागा सरला की माग आपोआप थांबावा अशी सोय त्यात असते. मागवाला नवी कांडी घालतो, हँडल ओढतो, माग पुन्हा सुरू. सवयीच्या कानाला ते थांबणं ऐकूच येत नाही, श्वासामधल्या विरामासारखं ते निघून जातं. कधी धोटा वेळेत पलीकडच्या पेटीत पोचत नाही, मग माग खाडकन आवाज करून थांबतो. तेही नवल नाही. लाईट गेली तर सगळे माग एका दमात गप्प होतात आणि घरातला पंखाही बरोबर थांबतो. आणि कुणी मुद्दाम बंद केला तर हँडलचा खटका आधी येतो, मग ठेका तुटतो.

म्हणजे या घरात शांतता एकाच प्रकारची नाही, आणि त्या घरातल्या माणसांना हे सगळे प्रकार ओळखू येतात.

पुढचा प्रश्न ओघानंच आला. दत्ता पडल्यावर बाकीच्या तीन मागांचं काय होईल? लेखिका क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, ते चालूच राहणार. आणि जसजशा कांड्या संपतील तसतसे एकेक थांबत जाणार, कारण नवी कांडी घालायला कुणी नाही.

माझ्या मते प्रसंग इथं सापडला. घटनेचा एक मोठा आवाज आणि मग धावपळ, ही मांडणी तिनं पाहिलेल्या चित्रपटांतून आली होती. एकामागोमाग एक माग थांबत जाणं हे तिच्या घरातून आलं, आणि त्यात वेळ होता. सुमनला कळायला लागणारा वेळ. न दिसणारी घटना लिहिताना लेखकाला सगळ्यात जास्त गरज या वेळेची असते, आणि कॅमेऱ्याच्या सूचना नेमका तोच खाऊन टाकतात.

तरी दुसरा खर्डा लगेच जमला नाही. कॅमेरा काढला आणि बरोबर तपशीलही गेले. ‘पलीकडून माग थांबल्याचा आवाज येतो. सुमन घाबरून धावते.’ दोन ओळींत प्रसंग संपला. तिसऱ्या वेळी लंबक दुसऱ्या टोकाला: ‘सुमनच्या काळजात चर्र होतं. लग्नाच्या दिवशी दत्तानं दिलेलं वचन तिला आठवतं. आज सकाळपासूनच तिला काहीतरी वाईट होणार असं वाटत होतं.’ कादंबरीत हे चाललं असतं. पटकथेत ते लिहिलं की नटी विचारणार, मी काय करू? चर्र झालेलं काळीज दाखवायला तिच्याकडं फक्त हात, डोळे, आवाज आणि समोरची भाकरी आहे. आणि सुमनला सकाळपासून शंका होती असं ठरवलं तर प्रसंगाचा जीवच जातो. तिला शंका नव्हती, म्हणून तर ती भाकरी थापत राहते.

शेवटी जे पान ठरलं ते असं:

41. आत. दत्ताचं घर, स्वयंपाकघर – दुपार

भिंतीपलीकडं चार माग चालू. फळीवरची भांडी त्या ठेक्यावर बारीक थरथरतात.

सुमन भाकरी थापते. सासू उंबऱ्याशी बसून कांद्याची पात निवडते. बोलायचं तर ओरडून. दोघींना त्याची सवय आहे.

सुमन
आत्ती, मीठ सरलंय बघा.

सासू
आं?

सुमन
मीठ! मीठ!

खाडकन आवाज. एक माग थांबतो.

सुमन मान वर करत नाही. भाकरी तव्यावर टाकते, वरून पाण्याचा हात फिरवते.

सासू
पिंकीला सांग येताना आणाय.

सुमन भाकरी उलटते. थांबलेला माग अजून सुरू झालेला नाही.

ती भिंतीकडं बघते. पुन्हा परातीकडं वळते. नवा गोळा घेते.

दुसरा माग थांबतो.

सासूचे हात थांबतात.

सासू
लाईट गेली काय गं?

डोक्यावर पंखा फिरतोय. दोघी पंख्याकडं बघतात.

तिसरा माग थांबतो.

सुमन
(रोजच्याच मोठ्या आवाजात)
अहो! जेवाय येताय न्हवं?

तिचाच आवाज घरभर होतो. ती दचकते.

पलीकडं एकच माग चालू.

सुमन
(हळू)
अहो.

तव्यावरची भाकरी करपू लागते. सुमन पिठाच्या हातांनी उठते, गॅस तसाच ठेवून बाहेर जाते.

सासू तिथंच. तव्यातून धूर. एक माग चालू.

हँडलचा खटका.

चौथा माग थांबतो.

या पानात कॅमेऱ्याचा एकही शब्द नाही, तरी वाचताना डोळ्यासमोर शॉट दिसत जातात. ते कशामुळं होतं ते नीट पाहण्यासारखं आहे.

एक म्हणजे वस्तूचा आकार. ‘पाण्याचा हात फिरवते’ हे जवळूनच दिसू शकतं. ‘फळीवरची भांडी बारीक थरथरतात’ हेही. ‘दोघी पंख्याकडं बघतात’ म्हटलं की दोघी एका चित्रात येतात आणि पंखाही कुठंतरी येणारच. लेखकानं अंतर सांगितलं नाही, पण जी गोष्ट निवडली तिनं अंतर ठरवलं. दिग्दर्शकाला हे पुरतं. आणि त्याला वेगळं करावंसं वाटलं तर हुकूम मोडल्याची भावना त्याच्या मनात येत नाही.

दुसरं म्हणजे ओळ तोडणं. ‘दुसरा माग थांबतो’ ही ओळ एकटी आहे. तिच्या वरखाली मोकळी जागा आहे आणि वाचणारा तिथं थोडा थांबतो. इंग्रजी पटकथांत महत्त्वाचे आवाज मोठ्या लिपीत लिहिण्याची पद्धत आहे. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, म्हणून काही मराठी लेखक आवाज ठळक अक्षरांत छापतात. मला ते आवडत नाही, कारण पानभर ठळक शब्द उठून दिसले की डोळा गोष्ट सोडून त्यांच्यावरच उड्या मारत जातो. आवाज जर घटना असेल तर त्याला स्वतःची ओळ द्यावी. घटना नसेल तर तो त्या ठिकाणच्या वर्णनात राहू दे, जसा सुरुवातीच्या ओळीत चार मागांचा आवाज राहिला आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: ‘थांबलेला माग अजून सुरू झालेला नाही.’ काही घडलं नाही, हे लिहिणं. न दिसणाऱ्या घटनेचा पुरावा बऱ्याचदा असा, जे व्हायला हवं होतं आणि झालं नाही त्यात असतो. लेखिका हे वाक्य लिहायला कचरत होती. तिचं म्हणणं, पडद्यावर ‘न होणं’ कसं दिसणार? दिसणार नाही, पण ऐकू येईल, आणि प्रेक्षक त्याची वाट बघत असेल तर फार स्पष्ट ऐकू येईल.

प्रेक्षकानं वाट बघायला हवी तर त्याला आधी शिकवायला हवं. म्हणून खरी दुरुस्ती प्रसंग 41 मध्ये झालीच नाही, ती प्रसंग 6 आणि 19 मध्ये झाली. प्रसंग 6 मध्ये दत्ता याच स्वयंपाकघरात जेवतोय. एक माग थांबतो. तो घास तोंडात ठेवूनच म्हणतो, “दोन नंबर,” उठतो, बाहेर जातो. खटका, माग सुरू. तो परत येऊन ताटावर बसतो. बोलणं चाललं होतं पिंकीच्या शाळेच्या फीबद्दल, ते जिथं तुटलं तिथून पुढं सुरू. प्रेक्षकाचं लक्ष फीवर राहतं, आणि माग थांबला की दत्ता उठतो आणि तो परत सुरू होतो, हे त्याच्या नकळत कानात बसतं. प्रसंग 19 मध्ये लाईट जाते. चारही माग आणि पंखा एकदम बंद, अंधारात पिंकी टाळ्या पिटते. दोन्ही ठिकाणी मिळून चार-पाच ओळींची भर पडली असेल. ती नसती तर 41 मधला पंखा हा नुसता पंखा राहिला असता.

प्रसंग 6 लिहिताना लेखिकेला एक मोह झाला होता: दत्तानं पिंकीला माग कसा थांबतो ते समजावून सांगावं. तो मी काढायला लावला. मागवाल्याच्या घरात हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. आणि समजावलं की प्रेक्षक सावध होतो, पुढं हे उपयोगी पडणार म्हणून लक्षात ठेवतो. मग 41 मध्ये तो सुमनच्या पुढं पळतो. आपल्याला तो तिच्याबरोबर हवा आहे.

चर्चेत एक मुद्दा असाही निघाला की पडद्याआडची घटना कुणाच्या तरी तोंडून का सांगू नये. मागच्या आळीतला कुणी धावत आला, “वहिनी, दत्तूला लागलं” म्हणाला, की झालं. ही वाट फार जुनी आणि मानाची आहे. रंगभूमीवर वध, युद्ध, मृत्यू प्रत्यक्ष दाखवू नयेत असा संकेत संस्कृत नाट्यशास्त्रानं घातला आणि अशा गोष्टी प्रेक्षकापर्यंत पोचवायला पाच युक्त्या, म्हणजे अर्थोपक्षेपक, सांगितल्या. त्यातली चूलिका म्हणजे पडद्याआडून आलेली वार्ता. जुन्या मराठी नाटकांच्या छापील संहितांत ‘(पडद्यात)’ अशी सूचना जागोजागी भेटते, ती याच घराण्यातली. रंगमंचावर ते चालतं, कारण तिथं शब्द हाच मोठा आधार असतो आणि पडद्यामागच्या आवाजाला प्रेक्षकानं मान्यता दिलेली असते. आमच्या प्रसंगात मात्र बातमी घेऊन कुणी आला असता तर सुमनला नुसतं ऐकून घेणं उरलं असतं. एकेक माग थांबत जातो तेव्हा बातमी तिची तिला जुळवावी लागते. शेजारी पुढच्या प्रसंगात आला, दत्ताला उचलायला. तिथं त्याचं काम होतं.

भाषेबद्दल दोन गोष्टी. मधल्या एका खर्ड्यात ‘आपल्याला माग थांबल्याचं ऐकू येतं’, ‘आपण पाहतो की पंखा चालू आहे’ अशी वाक्यं आली होती. कॅमेरा दारातून घालवला आणि तो ‘आपण’ होऊन खिडकीतून आला, असा तो प्रकार. ‘आपण’ काढा, वाक्याला काही होत नाही: माग थांबतो. पंखा फिरतोय. कोण बघतंय, कोण ऐकतंय हे सांगायचंच असेल तर पात्राचं नाव घ्या. दुसरं, क्रियापदाचा काळ. ‘सुमन भाकरी थापत असते, सासू भाजी निवडत असते’ अशा असते-नसतेच्या ओळी पानाला झोप आणतात. ‘थापते’, ‘उलटते’, ‘बघते’ ही छोटी, पुरी होणारी क्रियापदं नटीला काम देतात. चालू काळ मी एकाच गोष्टीसाठी राखून ठेवायला सांगितला: पंखा फिरतोय. मागांच्या ओळींत तर ‘चालू’ हा शब्दच पुरला. जे थांबायला हवं किंवा थांबू नये, तेवढंच ‘चालू’.

आता दुसरी बाजू, जी लेखनाच्या वर्गात फारशी निघत नाही. पटकथा वाचणारे दोन तऱ्हेचे असतात. निर्माता, नट, दिग्दर्शक यांना ती अनुभवायची असते. सहाय्यक दिग्दर्शक, ध्वनी, कला, निर्मिती व्यवस्था यांना तिच्यातून कामाची यादी काढायची असते. घटना प्रेक्षकापासून लपवताना ती या दुसऱ्या वाचकांपासूनही लपली तर सेटवर गोंधळ ठरलेला. दत्ताला नेमकं काय झालं हे प्रसंग 41 मध्ये कुठंच लिहिलेलं नाही. ते बरोबर आहे, कारण तिथं ते कुणालाच दिसत नाही. पण मग ते पुढच्या प्रसंगात लगेच, स्वच्छ मिळायला हवं.

ध्वनीची अडचण वेगळी होती. चालू यंत्रमागांच्या शेडमध्ये आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. शेजारच्या खोलीतसुद्धा त्या आवाजात संवाद स्वच्छ ध्वनिमुद्रित होणं कठीण. म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी माग बंद ठेवायचे, मागांचा आवाज वेगळा घेऊन नंतर चढवायचा, आणि दोघी नट्यांनी शांत खोलीत ओरडून बोलायचं. शांत खोलीत ओरडताना माणूस आपोआप आवाज खाली आणतो. ‘बोलायचं तर ओरडून. दोघींना त्याची सवय आहे’ ही ओळ म्हणून राहिली. दिग्दर्शकाला ती आधी पाल्हाळ वाटली होती, ध्वनिमुद्रकानं वाचल्यावर तीच सगळ्यात कामाची ठरली. शिवाय मागांच्या प्रत्येक थांबण्याला स्वतंत्र ओळ असल्यामुळं सेटवर इशारे कुठं द्यायचे ते पानावरच दिसत होतं: एक थांबला, दोन थांबले, आणि त्याबरोबर नट्यांच्या प्रतिक्रिया.

“अहो! जेवाय येताय न्हवं?” या हाकेबद्दल थोडं अधिक. पहिल्या तीन खर्ड्यांत ही हाक नव्हती. चार मागांच्या आवाजात जन्मभर बोललेल्या बाईचा आवाज मोठाच असणार. तीन माग थांबल्यावर ती त्याच पट्टीत बोलते आणि ते घराला झेपत नाही. पलीकडं काय झालं ते तिला अजून माहीत नाही, पण काहीतरी झालंय हे तिच्या स्वतःच्या आवाजानं तिला सांगितलं. न दिसणारी घटना दिसणाऱ्या माणसाच्या अंगावर अशी उमटते तेव्हा मला पटकथालेखनाचा खरा आनंद मिळतो. ही कल्पना सर्वस्वी लेखिकेची. तिला ती सुचली कारण प्रसंगात सुमनला बोलायला वेळ होता.

शेवटच्या दोन ओळींवर मात्र आमचा वाद झाला. चौथा मागही कांडी संपून थांबावा असं लेखिकेचं म्हणणं होतं. अपघाताचा पहिला सोडला तर बाकीचे तिन्ही एकाच तऱ्हेनं, एकसारखे. मला वाटत होतं की तो सुमननं बंद करावा. ती आत पोचली, तिनं पाहिलं आणि तिनं हात लावला, हे सगळं एका खटक्यात कळतं. रडणं नाही, किंकाळी नाही. खटका कसला ते प्रेक्षकाला प्रसंग 6 पासून माहीत आहे. लेखिकेनं दोन्ही रूपं मोठ्यानं वाचली आणि खटका ठेवला. नवरा जमिनीवर पडलेला असताना बाई आधी माग बंद करेल का, हा प्रश्न दिग्दर्शकानं काढला. त्यावर लेखिका म्हणाली, आमच्याकडं आधी माग बंद करतात, कारण चालू मागाशेजारी पडलेल्या माणसाला ओढता येत नाही. त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

लांबीचं गणित थोडं सांगायला हवं. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा हिशेब 12 पॉइंट कुरिअर टंकातल्या इंग्रजी पानावर बसवलेला आहे. देवनागरीत टंक आणि ओळींमधलं अंतर बदललं की तो कोलमडतो. अशा तुटक ओळींच्या प्रसंगात तर जास्तच, कारण इथं मोकळी जागा हाच वेळ आहे. म्हणून हा प्रसंग घड्याळ लावून, भाकरी थापण्याच्या हालचालीसकट वाचून बघितला. भाकरीच्या वेळेत तीन माग थांबणं बसतं का, हे महत्त्वाचं होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मागाच्या कांड्या वेगवेगळ्या वेळी घातलेल्या असतात, तेव्हा त्या लागोपाठ संपणं अशक्य नाही, पण फार पटापट थांबले तर मागवाल्या प्रेक्षकाला ते खोटं वाटेल. म्हणून मध्ये पिंकीला मीठ आणायला सांगण्याचं वाक्य आलं आणि नवा गोळा घेणं आलं.

कॅमेऱ्याची सूचना कधीच लिहू नये असं माझं मत नाही. दिग्दर्शक स्वतःसाठी लिहीत असेल तर त्यानं हवं ते लिहावं, आणि चित्रीकरणाच्या पटकथेत त्या येणारच. पण विकायला किंवा वाचायला द्यायच्या पटकथेत, त्यातही न दिसणाऱ्या घटनेच्या प्रसंगात, पॅन किंवा झूम लिहावासा वाटला की तिथं थांबून एकच विचारावं: या क्षणी कुणाला काय कळतंय? या प्रसंगात दर वेळी उत्तर पात्राकडंच सापडलं. दिग्दर्शकानं ठरलेलं पान वाचून सांगितलं की तो हे सगळं सासूच्या बाजूनं, तिच्या उंबऱ्यावरून, न तोडता घेण्याचा विचार करतोय. छायालेखकाच्या डोक्यात हात, तवा आणि भिंत असे तुकडे होते. दोन्ही त्याच पानातून निघत होतं.

सहाय्यक दिग्दर्शकानं यादी काढताना दोन शंका विचारल्या. सुमन बाहेर जाते तेव्हा दारातून कारखाना दिसणार का? दिसणार असेल तर त्या दिवशी कारखानाही लागेल, आणि खर्च वाढेल. लेखिकेनं प्रसंगाच्या सुरुवातीला एक ओळ घातली: ‘दार अंगणात उघडतं. कारखाना भिंतीच्या मागं, इथून दिसत नाही.’ दुसरी शंका प्रसंग 42 ची. तिथं कारखाना पहिल्यांदा दिसतो, तेव्हा मागांची अवस्था काय असेल? हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. लेखिकेनं शीर्षकाखाली लिहिलं: ‘एक नंबरचा धोटा फरशीवर. दोन आणि तीन नंबरच्या धोट्यांत कांड्या रिकाम्या. चार नंबरची अजून अर्धी भरलेली, हँडलवर पिठाची बोटं.’ कला विभागानं ते आपल्या यादीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.